हंगामाचे तिकीट चोख, पकड मात्र ढिली: कॉलेज फुटबॉलच्या सहा हंगामांनंतरचा अभिप्राय

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची हंगामी तिकिटे मी सलग सहा वर्षे घेत आलो आहे. पश्चिमेकडच्या खालच्या मजल्यावर, मैदानाच्या मधोमध असलेल्या पन्नास यार्डांच्या रेषेपासून किंचित उजवीकडे आमच्या चार खुर्च्या आहेत. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही, कारण संघातील मुले अठरा ते बावीस वर्षांची विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यापैकी कोणा एकावर बोट रोखण्याची माझी इच्छा नाही. परंतु दर वसंतात आमच्या भागातील दोन-तीन मराठी कुटुंबे मला हमखास विचारतात की हे तिकीट घ्यावे का, पैसे वसूल होतात का. यंदा त्यांना तोंडी उत्तर देताना मी अडखळलो, म्हणून ते सविस्तर लिहून काढत आहे.

प्रथम पैशांचे. एका हंगामात घरच्या मैदानावर सात सामने होतात. आमच्या विभागात खुर्चीमागे तिकिटाचे सुमारे 400 डॉलर पडतात आणि जवळपास तेवढीच रक्कम ‘देणगी’ म्हणून द्यावी लागते, कारण ती दिल्याशिवाय त्या विभागातील खुर्ची मिळतच नाही. पूर्वी अशा देणगीच्या 80 टक्के रकमेवर करसवलत मिळत असे. 2017 च्या करकायद्याने ती बंद केली. म्हणजे आता ही सरळसरळ किंमतच आहे आणि तिकडे किंमत म्हणूनच पाहिले पाहिजे. गाडीतळाचा पास वेगळा.

या पैशांत मिळणाऱ्या सोयींबद्दल माझी तक्रार नाही. तिकिटे फोनवर वेळेवर येतात, दारावरची रांग वीस मिनिटांच्या आत सरकते, स्वच्छतागृहे गर्दीच्या मानाने बरी असतात आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर तेथील कर्मचारी आपणहून पुढे येऊन लिफ्टपर्यंत सोडतात. खाणे महाग आणि सुमार आहे, पण सकाळी गाडीची डिकी उघडून शेजारच्या कुटुंबांसोबत बसण्याची जी प्रथा आहे, तीत थालीपीठ आणि चहाचा थर्मास यांना कोणी मज्जाव करत नाही. सामन्याआधी विद्यापीठाचे बँडपथक मैदानात उतरते तेव्हा सहा वर्षांनंतरही अंगावर काटा येतो. या सगळ्याला मी मोकळ्या मनाने पाचपैकी चार गुण देतो.

मात्र माणूस शनिवारचा आख्खा दिवस घालवतो तो खेळासाठी, आणि आमच्या संघाच्या खेळाचा अर्धा भाग, म्हणजे बचाव, गेली तीन वर्षे पाहवत नाही.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चौथ्या प्रयत्नाला संघ बहुधा चेंडू लाथेने लांब टोलवून देतो, त्यामुळे तिसरा प्रयत्न, ज्याला सगळे ‘थर्ड डाउन’ म्हणतात, तो बचावाचा खरा क्षण असतो. त्या वेळी आमचे सगळे स्टेडियम उभे राहते, विद्यार्थ्यांच्या विभागातील मुले खिशातील किल्ल्या काढून वाजवतात आणि प्रतिस्पर्ध्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल सांगून पास टाकणाऱ्या खेळाडूला, स्वतःचा आवाजही ऐकू येऊ नये इतका गोंगाट होतो. प्रेक्षकांनी आपले काम चोख केलेले असते.

मागच्या ऑक्टोबरमधल्या होमकमिंगच्या (माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या) सामन्यातील असाच एक क्षण सांगतो. चौथ्या क्वार्टरमध्ये सात मिनिटे उरली होती आणि आम्ही 38-28 असे पुढे होतो. प्रतिस्पर्धी स्वतःच्या 31 यार्डांच्या रेषेवर होते, थर्ड डाउन होता आणि त्यांना 14 यार्ड हवे होते. आमच्या प्रशिक्षकांनी तिघांनाच क्वार्टरबॅकवर सोडले आणि आठ जणांना मागे ठेवले. हा निर्णय चुकीचा नव्हता. क्वार्टरबॅकला लांब कोणी मोकळे दिसेना, म्हणून त्याने जेमतेम चार यार्डांवर उभ्या असलेल्या रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूकडे, चेंडू टाकला. तो आणि हवी असलेली रेषा यांच्यामध्ये दहा यार्ड मोकळे गवत होते आणि त्या गवतात आमचे तीन खेळाडू होते. पहिला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतील खेळाडू) वेगाने आला, अखेरच्या पावलाला त्याने डोके खाली घातले आणि खांद्याने धडक दिली, पण त्याचे दोन्ही हात स्वतःच्या कमरेपाशीच राहिले; धावणारा हेलपाटला, त्याचा एक हात गवताला लागला आणि तो तसाच सावरून पुढे निघाला. दुसऱ्याने त्याच्या जर्सीचे टोक धरले आणि ते सुटले. तिसरा, म्हणजे बचावात सर्वांत मागे उभा राहणारा सेफ्टी, धावणारा जेथे होता त्या जागेकडे पळाला, जेथे तो पोहोचणार होता तिकडे नाही, आणि त्यामुळे त्याच्या पाठीमागून निघून गेला. एकोणीस यार्ड गेले, पन्नासच्या रेषेवर, बरोबर आमच्या डोळ्यांसमोर. हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढच्या चार चालींत टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे) झाला, नंतर आणखी एक झाला, आणि तो सामना आम्ही 42-38 असा हरलो.

त्या दिवशी सांगलीहून आलेले माझे वडील शेजारी बसले होते. त्यांनी तरुणपणी तालुक्याच्या संघातून डाव्या कोपऱ्यावर कबड्डी खेळली आहे. अमेरिकन फुटबॉल मात्र त्या दिवशी ते प्रथमच पाहत होते. पहिल्या क्वार्टरभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, ह्यांचे हात कुठं आहेत? नुसती धडक मारतायत. कव घातल्याशिवाय गडी थांबतो होय?”

“नाना, इथं धावणारा शंभर किलोचा असतो,” मी म्हणालो.

“असू दे की. तुमचे धरणारे काय कमी वजनाचे आहेत? आणि एक चुकला तर बाकीच्यांनी साखळी धरायची. इथं एक चुकला की दुसरे बघत उभे.”

तीन वर्षे मी जे वेगवेगळ्या विश्लेषकांच्या भाषेत वाचत होतो, ते नानांनी खेळाचे नियम ठाऊक नसताना पंधरा मिनिटांत सांगितले. टॅकल म्हणजे शेवटी पकडच. धावणाऱ्याच्या जवळ आपला पाय टाकायचा, डोके वर ठेवून बाजूला घ्यायचे, खांदा त्याच्या मांडीला लावायचा, दोन्ही हातांनी मांड्या आवळायच्या आणि तो पडेपर्यंत आपले पाय थांबवायचे नाहीत. रग्बीतून आलेली ही पद्धत प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या सिॲटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाने 2014 मध्ये चित्रफितीद्वारे सगळ्या प्रशिक्षकांसाठी खुली केली, आणि तेव्हापासून ती शाळांच्या संघांपर्यंत पोहोचली आहे. तीत गुपित असे काही राहिलेले नाही. शिवाय हीच पद्धत सुरक्षितही आहे. डोके घालून धडकणाऱ्याला आणि ज्याला धडक बसते त्याला मेंदूची इजा होऊ शकते. म्हणूनच 2013 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये ‘टार्गेटिंग’, म्हणजे हेल्मेटच्या टोकाने किंवा समोरच्याच्या डोक्या-मानेवर दिलेली जबर धडक, ठरले की त्या खेळाडूला मैदानाबाहेर काढतात. त्या लाइनबॅकरने डोके खाली घातले तेव्हा पकड सुटली याचे मला जितके वाईट वाटले, त्याहून अधिक त्याच्या मानेची काळजी वाटली. घरी माझाही एक चौदा वर्षांचा मुलगा आहे.

आमच्या बाजूच्या रांगांत या अपयशाची अनेक कारणे सांगितली जातात, आणि त्यांतील बरीचशी खरीही आहेत. कॉलेजच्या मैदानावर हॅशच्या, म्हणजे चाल सुरू करताना चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात त्या, दोन रेषांमधील अंतर 40 फूट असते, तर व्यावसायिक एनएफएलमध्ये ते अवघे साडेअठरा फूट असते. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर ठेवला की एका बाजूला 60 फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल 100 फूट मैदान उरते, आणि ती रुंद बाजू राखणे मुळातच अवघड असते. कॉलेजमध्ये पास टाकायच्या आत आक्रमक संघाच्या लाइनमनना (पुढच्या फळीतील खेळाडूंना) तीन यार्ड पुढे जाण्याची मुभा असते, एनएफएलमध्ये एकच यार्ड; त्यामुळे समोरचा लाइनमन पुढे आलेला पाहून ‘ही धाव आहे’ असे समजून लाइनबॅकर पुढे सरसावतो आणि त्याने सोडलेल्या जागेत पास पडतो. आक्रमक संघाने खेळाडू बदलले नाहीत तर बचावालाही बदलण्यासाठी वेळ मिळत नाही, म्हणून वेगाने चाली लावणारे संघ दमलेल्या बचावाला मैदानातच अडकवून ठेवतात. 2021 पासून खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून वर्ष वाया न घालवता लगेच खेळता येऊ लागले आणि 2024 मध्ये ती मर्यादाही गेली, त्यामुळे मागच्या फळीतील चार जणांनी दोन वर्षे एकत्र खेळून एकमेकांचे इशारे ओळखावेत, असा काळ आता राहिलेला नाही.

हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो: रनिंग बॅक तुमच्या हातभर अंतरावर आल्यानंतर यांपैकी कोणते कारण तुमचे हात कमरेपाशी बांधून ठेवते?

येथे हटकून एक उत्तर पुढे येते, की हल्ली सरावात अंगाशी अंग भिडवू देत नाहीत, मग मुले पकड शिकणार कशी? दुबार शारीरिक सराव 2017 मध्ये बंद झाला हे खरे आहे आणि तो बंद झाला हे योग्यच झाले. पण या युक्तिवादाला डार्टमथ कॉलेजने कधीच उत्तर देऊन ठेवले आहे. तेथील प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी 2010 मध्ये सरावात आपल्याच खेळाडूला पाडणे पूर्णपणे बंद केले. मुले गाद्यांवर आणि पुतळ्यांवर सराव करू लागली. पुढे त्याच महाविद्यालयातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी दुरून चालवता येणारा, माणसासारखा वळणारा फिरता पुतळा तयार केला. त्या संघाची पकड बिघडली नाही, सुधारली, आणि 2015 मध्ये त्यांनी आयव्ही लीग या आपल्या विद्यापीठगटाचे विजेतेपद संयुक्तपणे मिळवले. टीव्हन्स 2023 मध्ये गेले. दिवसाची ठरावीक मिनिटे योग्य पद्धतीने याच गोष्टीला दिली तर अंगाला अंग न लावताही पकड शिकवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा दोष पकडीच्याही आधीचा आहे, आणि तो मला अधिक सलतो. आमचे बचावपटू चेंडू सुटण्याच्या क्षणी जागेवर उभे नसतात. मी दुर्बीण घेऊन जातो. हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्यात मी कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला काड्या मारत गेलो: समोरच्या सेंटरने चेंडू मागे दिला त्या क्षणी आमचा किमान एक खेळाडू अजून बाजूच्या रेषेकडे मान वळवून, दोन्ही तळवे वर करून ‘काय खेळायचे?’ असे विचारत आहे, असा प्रसंग अकरा वेळा घडला. 2024 पासून बचावातील एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये ध्वनियंत्र बसवण्याची परवानगी आहे. प्रशिक्षक त्याच्याशी थेट बोलू शकतात आणि प्ले क्लॉकवर, म्हणजे चाल सुरू करण्याची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर, 15 सेकंद उरले की तो संवाद बंद होतो. ही सोय झाल्यावर हा गोंधळ मिटेल अशी माझी समजूत होती. पण प्रशिक्षकांचे शब्द एका कानात पोहोचणे वेगळे आणि त्या एकाने उरलेल्या दहांपर्यंत ते पोहोचवणे वेगळे. आमच्याकडे पहिले घडते, दुसरे घडत नाही. जागेवर उशिरा पोहोचलेला खेळाडू मग धावतच पकडीला येतो, त्याचे पाय स्थिर नसतात, आणि पुढचे सगळे वर सांगितल्याप्रमाणे होते.

माझ्या मागच्या रांगेतील काही तरुण मंडळी म्हणतात की गुण भरपूर झाले तर बिघडले कुठे, सामना रंगतो. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. 22 ऑक्टोबर 2016 रोजी टेक्सासमधील लबकमध्ये ओक्लाहोमा आणि टेक्सास टेक यांनी प्रत्येकी 854 यार्ड काढले आणि ओक्लाहोमाने 66-59 असा विजय मिळवला, तो सामना मी दूरचित्रवाणीवर अखेरपर्यंत पाहिला. परंतु त्या रात्री एका बाजूला बेकर मेफील्ड आणि दुसऱ्या बाजूला पॅट्रिक महोम्स हे क्वार्टरबॅक होते. महोम्स यांनी एकट्याने 734 यार्डांचे पास टाकले. अशा आक्रमणापुढे बचाव फुटला तर तो प्रतिस्पर्ध्याचा गौरव असतो. साध्या चार यार्डांच्या पासवर तीन माणसांनी हात चुकवले तर त्यात कोणाचाच गौरव नसतो.

उत्तम बचाव पाहणे किती सुंदर असते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी 9 जानेवारी 2012 चा अलाबामा विरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) हा अंतिम सामना शोधून पाहावा. अलाबामाने 21-0 असा विजय मिळवला आणि तोपर्यंत अपराजित असलेल्या एलएसयूला संपूर्ण सामन्यात केवळ एकदाच मैदानाची मधली रेषा ओलांडता आली. तो सामना अनेकांना कंटाळवाणा वाटला होता. मला तो अकरा माणसांनी एकाच वेळी केलेला विचार वाटतो: कोणी पकड चुकवलीच तर पुढच्या क्षणी तेथे दुसरा हजर, आणि त्याच्या मागे तिसरा. नानांच्या भाषेत साखळी.

बचाव हाती नसला की मोठी आघाडीही कशी निसटते याचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 2 जानेवारी 2023 चा कॉटन बोल हा हंगामानंतरचा सामना. यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) साडेचार मिनिटे उरली असताना 45-30 असे पुढे होते आणि टुलेनने शेवटचे 9 सेकंद राहिले असताना टचडाउन करून 46-45 असा सामना जिंकला. पुढच्या हंगामात यूएससीने सामन्यागणिक सरासरी सुमारे 34 गुण दिले आणि नोव्हेंबरमध्ये बचावाच्या प्रशिक्षकांना जावे लागले. नवे प्रशिक्षक आले आणि 2024 मध्ये ती सरासरी सुमारे 24 वर आली. म्हणजे एका वर्षात दहा गुणांचा फरक पडू शकतो. आमच्या संघानेही तीन वर्षांत बचावाचे दोन प्रशिक्षक बदलले, पण फळ्यावरच्या आकृत्या तेवढ्या बदलल्या. पकडीच्या बाबतीत दर सप्टेंबरला पहिले पाढे पंचावन्न.

विद्यापीठाच्या तिकीट विभागाबद्दल माझी एकच तक्रार आहे, आणि ती याच्याशी जोडलेली आहे. प्रत्येक सामन्यानंतर ते एक प्रश्नावली पाठवतात: गाडीतळ कसा होता, स्वच्छतागृहे कशी होती, ध्वनिव्यवस्था, पडद्यावरील जाहिराती, खाद्यपदार्थांची चव. खेळाविषयी एकही प्रश्न नसतो. होमकमिंगनंतर मी ‘इतर’ या चौकटीत वरची सगळी हकिकत नीट, सभ्य शब्दांत लिहिली. आठवड्याभरात एका प्रतिनिधीचा नम्र दूरध्वनी आला आणि मला पुढच्या सामन्यासाठी वीस डॉलरचे खाद्यकूपन देण्यात आले. त्यांचा हेतू चांगला होता, आणि वागणुकीत काहीच उणे नव्हते; पण जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशी ती भरपाई होती. 800 डॉलरच्या खुर्चीवर बसणाऱ्याला खेळाविषयी विचारण्याची सोय असली पाहिजे, आणि ते उत्तर खेळविभागापर्यंत पोहोचले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे: तिकीट घ्यावे का? ज्यांना मुलाबाळांसह विद्यापीठाचे वातावरण, बँड आणि शनिवारची गर्दी अनुभवायची आहे, त्यांनी हंगामी तिकिटाच्या भानगडीत न पडता सप्टेंबरमधील एखाद्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्याची सुटी तिकिटे घ्यावीत; ती पुनर्विक्रीत बरीच स्वस्त मिळतात. ज्यांना खेळ समजून घ्यायचा आहे त्यांनी मधल्या रेषेजवळच्या महाग खुर्च्यांचा मोह टाळावा. तेथून चेंडू किती यार्ड गेला ते अचूक दिसते, पण बचावातील फट दिसत नाही. गोलखांबांमागच्या वरच्या मजल्यावरून मात्र बावीसही खेळाडू एका नजरेत येतात. कोणता लाइनबॅकर आपल्या जागेवर नाही हे चाल सुरू होण्याआधीच आणि सेफ्टी कोणत्या कोनातून निघाला हे ती सुरू होताच कळते, आणि आमच्याकडे त्या खुर्च्यांना देणगीही लागत नाही.

मी यंदा तेच केले आहे. मार्चमधील नूतनीकरणाच्या अर्जात खालच्या चारही खुर्च्या सोडल्या आणि उत्तर टोकाच्या वरच्या मजल्यावरील तीन घेतल्या: एक मला, एक मुलाला आणि एक सप्टेंबरात पुन्हा येणाऱ्या नानांना. त्यानंतर एप्रिलमध्ये सर्वांसाठी खुला असलेला वासंतिक सराव मी दोरीपाशी उभा राहून पाहिला. नव्या प्रशिक्षकांनी फोमचे मोठे चक्र गवतावर घरंगळत सोडले आणि गेल्या वर्षीच्या त्याच लाइनबॅकरला ते पाडायला लावले. पहिल्या वेळी तो नुसता धडकला आणि चक्र पुढे निघून गेले. प्रशिक्षकांनी चक्र परत आणवले, त्याचे दोन्ही हात स्वतःच्या हातांनी धरून चक्राभोवती घालून दाखवले आणि पुन्हा सोडले. सातव्या वेळेला त्याने कव घातली आणि चक्र आडवे झाले. तरी प्रशिक्षकांनी ते आठव्यांदा सोडायला सांगितले.